को फापला येऊ नकोस

को फाप,
माकड वर्ष, दहाव्या महिन्यातली अमावास्या

चि. थाक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वान-दोन नावाच्या बंदरातल्या खलाशाने ते सुक्या मासळीच्या टोपलीत दडवून आणलं, त्यामुळे त्याला वास येत होता. आईने तरीही ते छातीशी धरून ठेवलं. तू सरहद्दीपलीकडे चंपा राज्याच्या किनाऱ्यावर आहेस, जाळी विणतोस, धडधाकट आहेस, एवढं मी तिला दोनदा वाचून दाखवलं.

इकडे सगळे बरे आहेत. भात चांगला आलाय. म्हशीला रेडकू झालं. बाबांना खोकला आहे, पण पानसुपारी सुटलेली नाही. मियेनही बरी आहे.

तू लिहिलंस, आडनाव बदलायचं तर बदलेन, पण नव्या वर्षाला घरी येतो. म्हणजे ती बातमी तिकडेही पोचली तर. चार वर्षांपूर्वी मुखिया दोआनकाका आपल्या अंगणात येऊन म्हणाले, "आजपासून ली कुणी नाही, सगळे न्गुयेन. नव्या राजाच्या आजोबांचं नाव ली होतं. ते कुणाच्या तोंडी येता कामा नये."

बाबा पान चघळत म्हणाले, "दोनशे वर्षं ली घराण्याने राज्य केलं, तेव्हा त्या आजोबांना दुसरं नाव सुचलं नाही होय?"

सगळे हसले, दोआनकाकाही हसले. मग त्यांनी आवाज उतरवला. "दादा, चेष्टा पुरे. थाक कुठाय? परागंदा लीचं घर ते बंडखोराचं घर, असं वरून आलंय. सगळ्यांना धरून नेतील. मला काहीतरी लिहावं लागेल."

बाबांनी पिंक टाकली. "मेला म्हणून लिहा."

आई दारातच उभी होती.

थाक, तू जिवंत आहेस की नाही, हे तेव्हा आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. राज्य पालटलं तेव्हा तू पळालास, त्यानंतर सहा वर्षं तुझा निरोप नव्हता. नुसतं लिहून भागेना, म्हणून तुझे कपडे पुरले. देव्हाऱ्यात पूर्वजांशेजारी तुझ्या नावाची पाटी ठेवली. आम्ही सगळ्यांनी पांढरं नेसलं.

तुझं पत्र ऐकल्याबरोबर आईने ती पाटी उचलली आणि चुलीत घालायला निघाली. बाबांनी तिचा हात धरला. "उद्या कुणी बघायला आलं तर?"

"माझं लेकरू जिवंत आहे हो!"

"म्हणूनच राहू दे."

पाटी परत जागेवर आहे. आई आता तिच्याकडे पाठ करून जेवते.

मियेनचं लिहायचं मी मघापासून टाळतेय. दुखवट्याची वर्षं सरल्यावर बाबांनीच आपल्या सुनेला बोलावलं. "पोरी, तुझी अजून तिशीही झाली नाही. आमच्याबरोबर कुजू नकोस." गेल्या वर्षी तिने पलीकडच्या गावातल्या एका कुंभाराशी लग्न केलं. माणूस चांगला आहे. त्यांना मुलगी झालीय, अजून मान धरत नाही.

मी स्वतः जाऊन तिला तुझ्या पत्राचं सांगितलं. लपवणं काही जमेना. ती मुलीला पाजत होती. तिला दुसऱ्या अंगाला घेत म्हणाली, "ताई, ते आले तर मी कुठल्या दारात उभी राहू?"

मी निघाले तेव्हा माझा पदर धरून तिने विचारलं, "नीट जेवतात ना?"

तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर आमच्यावर रागाव, पण तिकडेच राहून. तू गावात पाऊल ठेवलंस की बाबा खोटे ठरतील, दोआनकाकांची मान जाईल आणि तुला तर वेशीवरच धरतील. तिथे कुणी मायाळू बाई भेटली तर संसार मांड. हे बाबांनी लिहायला सांगितलंय. आईने नाही. ती एवढंच म्हणाली, की समुद्राचा वारा वाईट असतो, छाती उघडी टाकून निजू नकोस.

पत्र पाठवू नकोस. तो खलाशी तुला पाहील आणि परत येऊन आम्हाला सांगेल, तेवढं पुरे.

तुझी वाट न बघणारी,
तुझी ताई,
ख्वे