हरणाबाईचं मत

१९ फेब्रुवारी १९४६, कडेगाव

आज सकाळी माझ्या खुर्चीचं अपहरण झालं. बावीस वर्षांच्या मास्तरकीत पदरात पडलेली हातांची एकुलती एक खुर्ची — ती लालासाहेबांच्या सभेला उचलून नेली! शिपाई ज्योतिबा म्हणतो, "आमदारसाहेब अंगानं दांडगं हाईत मास्तर, बाकड्यावर मावायचं न्हाईत." मी रॉकेलच्या खोक्यावर बसून दिवसभर भूगोल शिकवला. खिळ्यानं धोतर दोन जागी फाडलं. जगाच्या इतिहासात याची नोंद व्हायची नाही, म्हणून इथं करून ठेवतो.

खुर्ची तिकडं, म्हणून सभेला जावं लागलं. लालासाहेब पुन्हा असेंब्लीला उभे आहेत. सदतीस साली आम्हीच निवडून दिले. मुंबईत जाऊन त्यांनी अडीच वर्षांत एक प्रश्न विचारला आणि तोही मागे घेतला. मग लढाई लागली. गावोगाव मोटार फिरवून पोरं पलटणीत भरली, इंग्रजांच्या किताबानं 'रावसाहेब' झाले. आता पत्रकावरून 'रावसाहेब' गळालंय आणि अंगावर खादी चढलीय. आज म्हणाले, "या मातीचं ऋण आहे माझ्यावर!" माती काही बोलली नाही.

२४ फेब्रुवारी

आज समोरचे उमेदवार, वकील. तीन महिने तुरुंगात होते. ते तीन महिने आम्हाला तीन तास ऐकवले.

दोघांनाही मत द्यायचं नाही, ठरलं. मतदानाच्या दिवशी घरी झोपणार.

२ मार्च

शाळा सुटताना वस्तीवरची हरणाबाई आली. धनगराची बाई, शेरडं राखते. नवरा केव्हाच गेला. एकुलता अर्जुना लालासाहेबांच्या मोटारीतून पलटणीत गेला तो चव्वेचाळीस साली इटलीत पडला. हिला पेन्शन आहे.

"मास्तर, माझं मत हाय म्हणत्यात. खरं व्हय?"

म्हटलं, खरं. पेन्शनवाल्या आईला सरकार मत देतं.

"पोरगं गेलं म्हणून?"

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार! बाईनं शेरडं हाकायची काठी उचलली.

"मग टाकाय पायजे," म्हणाली.

रक्त उसळलं माझं. काय न्याय आहे! शेत नाही, शाळा नाही — म्हणून मत नाही. पोरगा मारून आणा, मग मत घ्या! आणि उमेदवार कोण? ज्यानं पोरगा नेला तोच. या बाईचं मत पेटीत पडलंच पाहिजे. लालासाहेबांच्या विरुद्ध पडलेली बाकीची मतं एकीकडं आणि हे एक एकीकडं. तिला मी स्वतः घेऊन जाणार.

९ मार्च

लालासाहेबांचा माणूस दादासो रस्त्यात आडवा आला. "काय मास्तर, त्या म्हातारीला लय फूस लावायला लागलाय. पाटणच्या डोंगरात बदली पायजे काय?"

म्हटलं, "चालेल. तिथं तुमची मोटार चढत नाही."

घरी आल्यावर दाराला दोन्ही कड्या घातल्या, ते सोडा. वाक्य चांगलं जमलं!

१८ मार्च, दुपार

घरी आलो तसा लिहायला बसलो. 

सकाळी हरणाबाईला घेऊन मतदानकेंद्रावर गेलो. बाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती, पेन्शनचा कागद फडक्यात बांधून. दीड तास उन्हात रांगेत उभी. आत साताऱ्याहून आलेला अधिकारी.

"नाव?"

"हरणाबाई."

यादीत हरणाबाई नाही. त्या घरची बयाबाई आहे. लगेच लालासाहेबांच्या वतीनं आत बसलेला दादासो उठला — "सायेब, ही बाई ती न्हवं. माझी हरकत हाय!" पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहतो मेला. तिच्या शेरडांचं दूध प्यालाय! म्हणे ती नव्हे!

अधिकारी वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, बयाबाई तुम्हीच ना? हो म्हणा आणि मोकळ्या व्हा." रांगेतली माणसंसुद्धा ओरडली, "व्हय म्हण की गं!" मीही म्हणालो.

"न्हाई," बाई म्हणाली. "सरकारच्या कागदावर हरणाबाई हाय. आयबापानं ठेवलेलं नाव हाय. मी हरणाबाईच हाय."

परत पाठवली तिला. मी अधिकाऱ्याला बोललो, दादासोला बोललो, ज्या गाढवानं यादी केली त्याच्या सात पिढ्यांना बोललो. मग अधिकाऱ्यानं यादी माझ्यापुढं सरकवली.

अक्षर माझं.

गेल्या पावसाळ्यात आम्हा मास्तरांना याद्यांना जुंपलं होतं. मी चावडीत बसून वस्तीची यादी एका तासात उरकली. बायकांची नावं पुरुषांना विचारली. हिच्या दिरानं सासरचं, लग्नात ठेवलेलं नाव सांगितलं. बाई तेव्हा चावडीच्या दारातच उभी होती. मी मान वर केली नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

 चारच्या सुमारास वस्तीवर गेलो. यादी माझ्या हातची, म्हणून सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. बसा, च्या ठेवती."

"राहू कसं देऊ? लालासाहेबाला पाडायला निघाला होतात तुम्ही —"

ती बघतच राहिली. "पाडाय? आवं, मी त्येलाच टाकणार हुते!"

 मग सांगायला लागली. "पोराची तार आली तवा समदी भाऊकी दारात हुबी. ह्यो एकटा आत आला. घोंगड्यावर बसला, पाणी पिला. पेन्शनीचा कागद काढून म्हणला, आई, तुमचं नाव काय? दीर म्हणला, बया. तर त्येला म्हणला, तू गप, मी त्यास्नी इचारतोय. मास्तर, सासरी आल्यापासनं माझं नाव मला इचारणारा त्यो पैला."

"पण अर्जुनाला नेलं त्यानंच ना?"

"नेलं," ती म्हणाली. "त्ये बी खरंच हाय."

केंद्र पाचाला बंद होणार होतं. या वयात शेताच्या बांधावरून पळालो. माझं मत अजून तसंच होतं, आणि तिचं एक माझ्याकडं निघत होतं.

लालासाहेबांना टाकून आलो. घरात सांगितलेलं नाही.