चपलांची मोजणी

चि. बाळास,
आशीर्वाद.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर आमच्या तक्रारीच्या उद्याच्या सुनावणीआधी मला अडवायला येशील.

पुराच्या दिवशी आमच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी चपलांचा स्टँड पाहिला. तो रिकामा दिसला, म्हणजे सगळे बाहेर पडले असं धरून त्यांनी बस सोडली. माझ्या खोलीतली मैत्रीण चार वर्षं अंथरुणावर आहे. तिला चपलाच नाहीत. ती दीड दिवस वरच्या मजल्यावर एकटी होती.

तू म्हणतोस, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. अरे, पाणी जिन्यापर्यंत चढलं, तेव्हा मासा सगळ्यांत आधी बसमध्ये बसला होता.

'आपत्तीत संस्था जबाबदार नाही' या कागदावर तू न वाचता सही ठोकलीस. आमच्या वकीलबाई म्हणतात, तसल्या सहीने कुणाच्या जिवाची जबाबदारी झटकता येत नाही. खोलीखोलीत जाऊन, नाव घेऊन माणसं मोजा, एवढंच आम्ही मागतोय.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, ती उद्या तिथे सांगणार आहे. बसमध्ये व्यवस्थापकांनी 'सगळे आले ना?' असं विचारलं, तेव्हा मीही मान हलवली होती. मागे वळून पाहिलं नव्हतं.

काल मैत्रीण म्हणाली, "मलाही चपलांचा एक जोड आण गं. पाय चालत नाहीत, पण मोजणीत तरी येईन."

मी आणणार नाही. तिला म्हटलं, आता त्यांनाच जिना चढून मोजायला यावं लागेल.

तुझी आई,
खोली अकरा, खिडकीकडची खाट