ऱ्होडाच्या पणजीचे घर

मी, उना मॅकास्किल, वय ७८, अविवाहित, लॉख ऑर्सेगच्या खाडीवर जन्मले आणि तिथेच कालवांच्या शेतीवर जगले. माझे डोके शाबूत असल्याचे डॉक्टरीणबाईंनी काल लिहून दिले आहे. रागही शाबूत आहे, तो मी स्वतः लिहून देते. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. होडी व कालवांच्या शेतीच्या जाळीदार पिशव्या शेजारीण किर्स्टी हिला. उसनी नेलेली वस्तू ती धुऊन परत करते.

२. किनाऱ्याची जमीन कॅनडातली माझी दूरची बहीण ऱ्होडा हिला. कारण नोंदवते. नऊ वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, डोंगरावरचे नेचे तांबूस झाले असताना, ती पणजीचे जन्मघर शोधत आली. वाटा मागेल या भीतीने माझा भाऊ मर्डो याने तिला तेच घर म्हणून मेंढ्यांचा पडका कोंडवाडा दाखवला. ती भिंतीला गाल लावून रडली, एक दगड सोबत घेऊन गेली.

"कोंडवाड्याला मिठी मारली गं तिनं!" चहा पिताना मर्डो हसत होता. मी हसले नाही, पण बोललेही नाही. तो गुन्हा माझा.

पुढच्या वर्षी मी तिला खरे कळवले. तिचा फोन आला. "उना, तो दगड मी आईच्या थडग्यावर बसवलाय गं."

"ये. खरं घर मी दाखवते," मी म्हणाले.

ती यायच्या आठवड्यात मर्डोने ते घर यंत्र लावून पाडले. माझ्या जमिनीवरचे, मला न विचारता. मी ओरडत धावले, तर म्हणतो, "पडायलाच झालं होतं की. बोलाव आता तुझ्या पाहुणीला!"

ऱ्होडा दिवसभर पावसात त्या ढिगाऱ्यात दारावरची शिळा शोधत होती. तीन तुकडे सापडले.

मर्डोचा ट्रॅक्टर धक्क्याकडे याच जमिनीवरून जातो. ती परवानगी माझ्याबरोबर संपते. ऱ्होडा, तो म्हातारा दिसेल, तुला दया येईल. तरी जाऊ देऊ नकोस.

३. आईची चांदीची पिन मर्डोची बायको पेगी हिला. बिचारीने त्याच्यासोबत चाळीस वर्षे काढली.

४. मर्डोला काही नाही. विसरून नव्हे, विचार करून.

५. शवपेटी उतरवताना आमच्याकडे जवळच्यांच्या हाती एकेक दोरी देतात. डोक्याकडची सर्वांत जवळच्याला. मर्डो ती चारचौघांत मागेल. ती ऱ्होडाला द्यावी. तिला येता आले नाही, तर दोरी तशीच गवतावर पडू द्यावी. पेटी कलली तरी चालेल. मर्डोने समोर उभे राहून बघावे.

सही: उना मॅकास्किल
लॉख ऑर्सेग, १४ ऑक्टोबर २०१९

उनाबाईंनी हे आमच्यासमोर मोठ्याने वाचून सही केली. आवाज कापला नाही.
साक्षीदार: आयोना बेथून, टपालवाली
ड्युगल्ड मॅकफेल, निवृत्त शिक्षक