मेहेराचा उतार विकायचा नाही

मी, जोहराबी, मरहूम चाँदभाई तांबोळी यांची बायको, राहणार माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, वय आधारकार्डावर आहे तेच धरावं, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे कुरकुरतात, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचं नसतं. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेलं नाही, फूस लावलेली नाही. फूस लावायला आले होते, त्यांना मीच चहा पाजून परत पाठवलं, ते पुढे येईल. शाळा दुसरीपर्यंत झाली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर कोर्टाने सांभाळून घ्यावं. अर्थ चुकलेला नाही. आणि हे लिहिलं म्हणून कोणी लगेच रडायला येऊ नये. मला मरायची घाई नाही, सध्या माझं फार छान चाललं आहे.

कलम १. माझ्या कबरीवर फरशी बसवू नये. माती राहू द्यावी आणि सब्जा लावावा. फरशीवरून पाणी वाहून जातं, मातीत मुरतं. मी आयुष्यभर मुरवलं, आता मेल्यावर वाहून घालवणार नाही. दफनाचा खर्च पतपेढीत आहे त्यातून करावा. उरलं तर मदरशातल्या पोरांना गोड खाऊ घालावं, प्लास्टिकच्या वाटीत नाही.

कलम २. राहतं घर, उताराखालचं भाताचं खाचर आणि पौडच्या बाजारातला गाळा शरियतप्रमाणे माझ्या वारसांना जावा. वारस दोनच, मुलगा शहनवाज आणि मुलगी जन्नत. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. जन्नतचं यावर स्वतःचं मत आहे, ते तिने मला पुष्कळदा ऐकवलं आहे, इथे लिहायला जागा पुरणार नाही.

कलम ३. आता मुद्द्याचं. घराच्या वरच्या अंगाला जो उतार आहे, तो माझा आहे. नवऱ्याकडून आलेला वारसा नव्हे, तो माझा मेहेर आहे. निकाहात बायकोला मेहेर द्यावा लागतो. कोणी दागिना देतं, कोणी रोख देतं. माझ्या सासऱ्यांच्या हातात तेव्हा काही नव्हतं, म्हणून त्यांनी हा उतार माझ्या नावे करून दिला. खडक, मुरूम आणि एक झरा. शेजारची गोजराबाई भर मांडवात म्हणाली होती, "बया, हिला मेहेरात धोंडं दिलं!" सगळा मांडव हसला. मीही हसले. नवी नवरी, दुसरं काय करणार?

तेव्हा झरा उन्हाळाभर वाहायचा. मग कमी कमी होत गेला, आणि जन्नत शाळेत जायला लागली तोवर होळीलाच आटायला लागला. टँकरमागे पळायची पाळी आली. कारण आमच्या डोळ्यांसमोर होतं, पण ते कारण आम्हाला दिसत नव्हतं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. म्हणजे उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटायच्या, पाला आणि शेण वाफ्यावर पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं. तण मरतं, रोप तरारून येतं. बापजाद्यांची रीत. पण फांद्या कुठून यायच्या? उतारावरच्या ऐनाच्या, किंजळीच्या. दरसाल छाटून छाटून झाडांचे खुंट झाले, खुंटाखालची माती पावसाबरोबर ओढ्यात गेली आणि झरा मुका झाला. भात पाण्यावर, पाणी झाडावर, आणि झाड आम्ही भातासाठी जाळत होतो!

हे मला कृषी खात्याच्या हेमलता मॅडमनी सांगितलं. त्या गावात आल्या, चावडीवर बोलल्या. राब न भाजता गादीवाफ्यावर रोप कसं करायचं, बांधावर गिरीपुष्प लावून त्याचा पाला चिखलात कसा तुडवायचा, सगळं सांगितलं. बाप्ये जांभया देत उठले. मी मागे बसले होते, पुढे सरकले. त्या वर्षी माझ्या वाफ्यावर धूर निघाला नाही. धाकटे दीर अल्लाबक्ष बांधावर येऊन म्हणाले, "भाबी, चूल बंद हाय, भाकरी कशी व्हनार?" मी म्हटलं, "जेवायला या, मग सांगते." दिवाळीनंतर आले. आंबेमोहोराचा भात खाल्ला, आणखी मागून घेतला, आणि हात धुताना म्हणाले, "एक साल आलं म्हंजी दर साल येतंय व्हय?" दर साल आलं. आता त्यांच्या जावयाच्या बांधावरही गिरीपुष्प आहे, पण मी तसं म्हटलं की ते विषय बदलतात.

फांद्या लागेनात, तेव्हा उताराला कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. शेळ्यांना दावणीला चारा घातला, त्या माझ्यावर फार दिवस रागावून होत्या. चाँदभाईंनी आडवे चर खोदले, दगडाचे बांध घातले. बिचारे बोलायचे कमी, खोदायचे जास्त. झाडं मी लावलेली नाहीत, हे खोटं श्रेय मला कोणी देऊ नये. मी फक्त तोडू दिली नाहीत. खुंटच फुटले. आणि चाँदभाई गेले त्याच्या पुढच्या चैत्रात झऱ्याच्या तोंडाशी ओल्या दगडाखाली मला खेकडा दिसला. चैत्रात! मी तिथेच बसले आणि त्या खेकड्याला म्हटलं, "या पाहुणे." तेव्हापासून झरा आटलेला नाही.

कलम ४. हा उतार मी माझ्या नातीला, शहनवाजच्या मुलीला, शिरीनला देते. ती लवळ्याला कॉलेजात शिकते. तिने मला एक शब्द शिकवला, भूजल पुनर्भरण. मला तो इतका आवडला की मी शेळ्यांनाही म्हणून दाखवते. तिच्या मैत्रिणी येऊन उतारावर भिजलेल्या कुत्र्यांसारख्या चिखलात लोळून गेल्या आणि पोटभर जेवल्या. मी शिरीनला विचारलं, "तुला दिला तर विकशील का गं?" ती म्हणाली, "दादी, विकून घेऊ काय? पाणीच ना?" झालं, तिचं नाव पक्कं.

पण इथे घोळ आहे. आमच्यात मृत्युपत्राने मालमत्तेचा तिसरा हिस्साच आपल्या मर्जीने देता येतो. मला वाटलं, खडकच तो, तिसऱ्या हिश्श्यात सहज बसेल. पौडचे बंडोपंत वकील कपाळाला हात लावून म्हणाले, "आजी, तुमचा खडक घरापेक्षा महागलाय." प्लॉटवाल्यांमुळे! म्हणजे मुलगा आणि मुलगी माझ्या माघारी राजी झाले तरच शिरीनला उतार मिळणार, नाहीतर त्याचे तुकडे. आणि एका तुकड्यावर जरी बंगला उठला तरी झरा गेलाच.

फूस लावायला आलेले ते हेच प्लॉटवाले. एक पोरगा होता, बूट फार चकचकीत. म्हणाला, "आजी, इथून धरणाचं पाणी दिसतं. त्या व्ह्यूचेच पैसे आहेत." मी म्हटलं, "बाळा, धरणाचं पाणी दिसतं, पण आमच्या हंड्यात कधी आलं न्हाई. ज्याचं पाणी हंड्यात येतं ते दाखवते, चल." झऱ्यावर नेलं, ओंजळभर पाजलं. प्याला, फोटो काढला, आणि म्हणाला इथे स्विमिंग पूल मस्त होईल. मग मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

कलम ५. दीर अल्लाबक्ष यांना मी कायमचा हक्क देते, की कधीही दारात येऊन झऱ्याचं पाणी मागावं. मागावं मात्र लागेल. याला कारण आहे. त्यांनी आपला तुकडा प्लॉटवाल्यांना देऊन बंगला बांधला, बोअर मारली. गेल्या साली त्यांच्या नातवाच्या लग्नात, वलिम्याच्या म्हणजे नवऱ्याकडच्या जेवणाच्या सकाळी, ते माझ्या दारात.

"भाबी, हायेस का?"

"हाय की. धोंड्यावर बसलेय."

"बोअर हवा मारतंय."

"मारू दे. उन्हाळ्याची हवा बरी."

"चेष्टा नको गं. माणपास्नं पाहुणे निघालेत. डेगा चुलीवर चढल्यात, हात धुवायला थेंब न्हाई."

मी त्यांना जरा वेळ उभं ठेवलं. फार नाही, पाव चहा होईल इतकं. मग म्हटलं, "लागंल तेवढं न्या. पण थर्माकोलच्या ताटल्या न्हाई. मागल्या लग्नातल्या अजून वढ्यात तरंगतायत."

"आता पत्रावळ्या कुटनं आणू?"

"गोजराबाईकडं गठ्ठा हाय. तिलाबी मागावं लागंल."

पंगत पत्रावळींवर उठली. उष्टं आणि पत्रावळी माझ्या खतखड्ड्यात गेल्या. माणच्या पाहुण्यांनी वाहवा केली आणि अल्लाबक्ष पगडीला हात लावून म्हणाले, "ही आमचीच आयडिया." असू दे. ओढा साफ राहिला, आयडिया कोणाचीही असो.

कलम ६. माझा गांडूळखताचा हौद, आतल्या जिवांसकट, गोजराबाईला. ती ओढ्यात पिशव्या टाकायची, तिच्याशी मी जन्मभर भांडले, आणि आता तीच दुसऱ्यांशी भांडते. गांडुळं बोलत नाहीत म्हणून त्यांना उपाशी ठेवू नये. कांद्याची सालं चालतात, लिंबू नको.

हेमलता मॅडमना या मृत्युपत्रात काहीही ठेवलेलं नाही. त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात. त्यांना तांदूळ मी जिवंतपणीच देत आले आहे, आणि देत राहीन.

कलम ७. हे लिहून झाल्यावर मी दोन्ही मुलांना बोलावून झऱ्यावर वाचून दाखवलं. जन्नत लगेच म्हणाली, "अम्मा, शिरीनला दे. मला चालंल." राहिला शहनवाज. तो माणला कंपनीची बस चालवतो, तिथेच भाड्याने राहतो, टँकरच्या पाण्यावर. प्लॉटवाल्यांचं बोलणं त्याने एकेकाळी गोडीने ऐकलं होतं, म्हणून मी त्याच्याकडेच बघत होते. तो झऱ्यातून आपले कॅन भरत बसला होता, दर रविवारी भरून नेतो. कॅनचं झाकण लावलं आणि म्हणाला, "अम्मा, ह्यात एक चुकलंय."

मी विचारलं, "काय चुकलं?"

"उतार राखलास. पण खालचं खाचर माज्या वाट्याला येनार. उद्या तितं कुनी बोअर मारली तर झरा तळातनं वढला जाईल. मग ह्या कागदाचा काय उपेग? लिही, खाचरात बोअर न्हाई."

"मी मर्जीने देते त्यातलं मी लिहू शकते, वारसाने तुला जाणार त्यातलं कसं लिहू?"

"मग आन हिकडं पेन."

खालच्या ओळी त्याच्या हाताच्या आहेत. कोर्टाने त्याही माझ्याच समजाव्यात.

मी शहनवाज चाँदभाई तांबोळी लिहून देतो, की अम्माच्या माघारी उतार शिरीनच्या नावे करायला माझी संमती राहील. खालच्या खाचरात मी बोअर मारणार नाही, मारू देणार नाही. जन्नतचीही सही घेतली आहे.

पेन पुन्हा माझ्या, जोहराबीच्या, हातात. माझं सगळं झालं. मी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, दोनदा हसले, आणि खाली सही करते. अंगठा नव्हे, सही.

जोहराबी चाँदभाई तांबोळी

वारसांची संमती: शहनवाज चाँदभाई तांबोळी, जन्नत चाँदभाई तांबोळी

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत सह्या झाल्या:
१. बंडोपंत वकील, पौड
२. हेमलता मॅडम, कृषी खाते

स्थळ: माले, उताराखाली.
दिनांक: १२ मे २०२४, रविवार. झऱ्याला पाणी आहे.