संपर्क : सोहम

३ ऑक्टोबर
देवरूखहून पहिल्या एसटीने निघालो आणि साडेनऊला मांडवीच्या ऑफिसात हजर. खिडकीतून समुद्र दिसतो! आमच्या घरी खिडकीतून शेजाऱ्यांची म्हैस दिसते. इथे कोळंबी परदेशी पाठवायची कागदपत्रं होतात. मालक दाजी, सात संगणकांवर सात माणसं, आणि आठवा मी, संगणक सांभाळणारा. दाजींचं म्हणणं, लोक दिवसभर क्रिकेट आणि साड्या बघत बसतात. मोबाईल ते आधीच दाराजवळच्या डब्यात जमा करून घेतात. आता इंटरनेटवर कोण काय बघतं याची नोंद ठेवायची आणि नको ते बंद करायचं, हे माझं काम.
चार नंबरच्या संगणकावरच्या योगिनीताईंनी जेवताना बांगड्याचं तिखलं वाढलं. पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं.

५ ऑक्टोबर
फिल्टर बसला. बंद केलेलं पान कुणी उघडलं की पाटी येते, ‘हे पान बंद आहे. अडचण असल्यास संपर्क : सोहम.’ नाव घालायची काही गरज नव्हती, पण घातलं. सात पडद्यांवर आपलं नाव! आईला फोन करून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण खूश झाली.

८ ऑक्टोबर
नोंदी वाचायला मजा येते, हे कबूल करतो. कोण नोकरी शोधतंय, कुणाला टक्कल पडतंय, सगळं समजतं. चार नंबरवर रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एकच पान उघडतं. रंगीत नकाशा, त्यावर सरकणारे बाण. योगिनीताई आणि गेम! हसू आलं. पान बंद करून टाकलं. त्यांना विचारलं नाही.

९ ऑक्टोबर
तो गेम नव्हता. वाऱ्याचा नकाशा होता.
योगिनीताई पाटी वाचून माझ्याकडेच आल्या. त्यांचे यजमान संदेश ‘गुणवंती’ होडीचे तांडेल, होडी तेच चालवतात. दोन खलाशी घेऊन तीनला निघतात. ताई आधी वारा बघतात आणि ऑफिसच्या फोनवरून त्यांच्या साध्या मोबाईलवर जा किंवा थांबा सांगतात. मांडवीतलं शेंबडं पोरही तो नकाशा ओळखेल. मला, डोंगरातल्या माणसाला, कळला नाही. सगळे माना वळवून बघत होते. लाज वाटली की मी ताठतो. म्हणालो, असं तोंडी चालत नाही, लेखी अर्ज द्या, उद्या बघू.
दोन टिचक्यांचं काम होतं. ताईंनी उभ्या उभ्या अर्ज लिहिला. मी तो खणात टाकला.

१० ऑक्टोबर
काल संध्याकाळी अचानक वारं सुटलं. गुणवंती तीनला ताईंच्या निरोपाशिवायच निघाली होती, परत आलेली नाही.

१४ ऑक्टोबर
शोध थांबवला. दाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, ते पान कुणी बंद केलं होतं. मी म्हणालो, कुणी नाही, मशीन आपोआप बंद करतं. इतकं सहज बोललो की मलाच खरं वाटलं.
ताई भेटायला आल्या होत्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मशीनचा काय दोष नाय, भाऊ. मीच दुसऱ्या कुणाला विचारायला हवं होतं. माझ्याच हातून झालं.”
मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय.
अर्ज अजून खणात आहे. फाडायचा धीर होत नाही.

१७ ऑक्टोबर
एक वाजून दहा मिनिटं. आमच्या वायफायवर एक नवं यंत्र आलं. नाव : गुणवंती. सिग्नलची एकच पट्टी, म्हणजे लांब कुठेतरी. मागितलं ते वाऱ्याचं पान. मिळाली माझी पाटी.
कुणाची तरी थट्टा असेल. डबा उघडून बघितला. सगळे मोबाईल आत होते, बंद.

१८ ऑक्टोबर
एक दहा. दोन पट्ट्या. त्या यंत्राला वायफायवर बंदी घातली. एक अकराला पुन्हा आलं. पुन्हा वारा मागितला, पुन्हा पाटी. दिवसभरात एकवीस वेळा माझं नाव वाचलं त्यांनी.
‘त्यांनी’ असं का लिहिलं मी?

१९ ऑक्टोबर
पान मोकळं केलं. दोन टिचक्या, बस.
गुणवंतीने पान उघडलंच नाही. आता त्यांना वारा नकोय. कालच्याच पाटीवरच्या ‘संपर्क’ या शब्दावर टिचकी पडली. मग दुसरी. मग तिसरी.
तीन माणसं होती होडीवर.

२१ ऑक्टोबर
तीन पट्ट्या. खिडकीतून बघितलं — भर उन्हात समुद्र रिकामा. दाजींना सांगणार होतो. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं — आपोआप नाही, मी — नाही जमलं.

२२ ऑक्टोबर
सगळ्या पट्ट्या भरल्या. म्हणजे याच खोलीत.
माझ्या खुर्चीमागची लादी ओली. चिखल नाही, वाळू.
खणाला कुलूप होतं. अर्ज टेबलावर आहे. भिजलेला. ताईंच्या सहीखाली तीन अंगठे —

२३ ऑक्टोबर
ताई आजपासून कामावर. चार नंबरवर बसल्यात. म्हणतात, माझ्याच हातून —
सांगायला उठलो. तोंड उघडलं आणि पाणी आलं. खारं. पुन्हा उघडलं — पुन्हा पाणी. मागे कुणीतरी उभं आहे. एक नाही.
एक वाजून नऊ.
ताई पाणी पुसतायत, पाठीवरून हात फिरवतायत. विचारतायत काय होतंय. बोलता येत नाही, म्हणून हे लिहितोय, त्या वाचतायत —
ताई, तुमच्या हातून काही झालं नाही. मशीन आपोआप बंद करत नाही. ते पान मी