चिकटपट्टीच्या खुणा

१४ ऑक्टोबर

आणि वर ताई म्हणते, स्पीकर दानात देऊन टाकू! बाबा जाऊन चाळीस दिवस होतील तेव्हा, चाळिसाव्याला! बाबांचा कप द्या, ताट द्या, अंथरूण द्या, खुर्ची द्या — माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडे सगळेच देतात. इथं दिलं की मेलेल्याला तिकडे मिळतं म्हणतात. पण स्पीकर? आणि कुणाला, तर शेजारच्या अफानासिएकाकाला! त्याच्या कानाशी ट्रॅक्टर चालू केला तरी तो 'कोण आलंय?' म्हणून दाराकडे बघतो.

ताईला फोनवर हेच म्हटलं. ती म्हणाली, "तू बोलूच नकोस, इलिए. माती द्यायला आला नाहीस आणि स्पीकर मोजतोस?"

मी पुन्हा तेच सांगितलं — मालकानं सुट्टी दिली नाही.

खोटं आहे. इथं लिहायला काय जातंय? मालकाला मी विचारलंच नव्हतं. दोन तारखेला सकाळी बाबा गेल्याचा तिचा फोन आला तेव्हा मी जिन्यात होतो, गिऱ्हाइकाचा मोठा स्पीकर चौथ्या मजल्यावर न्यायचा होता. नेला. मग दुसरा नेला. मग सोफा सरकवला, गालिचा अंथरला. इथून घरी जाणारी, मोल्दोवाची बस चारला सुटते. साडेचारला मी त्याच घरात कॉफी पीत बसलो होतो. कॉफी चांगली होती.

रडू आलं नाही. अजून नाही.

१७ ऑक्टोबर

दोन घरं केली. पहिल्या घरी बाईंचा दिवाणखाना म्हणजे देऊळ! कोचांवर प्लॅस्टिक, टेबलावर जाळीचं कापड, पाहुणे आले तरच दार उघडतं. डावा स्पीकर जिथं यायला हवा त्याच कोपऱ्यात देवाच्या तसबिरी आणि तेवता दिवा. अनेस्तिस — माझा मालक — म्हणाला, "बाई, देवाला जरा उजवीकडे घेऊ या?" बाई म्हणाल्या, "तुझ्या पेटीला घे की उजवीकडे! देव आधी आलाय."

एरवी मी हसलो असतो.

मग स्पीकर दोन हात इकडे घेतला, उजवाही तेवढाच, कोच पुढे ओढला. दोन स्पीकर आणि बसणारा, तिघांत अंतर सारखं. भिंतीला चिकटवले की आवाज पिंपात ओरडल्यासारखा घुमतो, म्हणून पुढे काढायचे. टाळी वाजवायची. टाळी घुमून परत आली तर खोली उघडीबोडकी आहे, पडदा, गालिचा, पुस्तकं काहीतरी घाला. एवढंच काम. आठवी नापासाला जमतं.

अनेस्तिस तपासायला नेहमीचं गाणं लावतो. पूर्वी माझा पाय आपोआप हलायचा. आज म्हणाला, "कान चालू आहेत तुझे, दगड्या. तू कुठं आहेस?"

१८ ऑक्टोबर

काही नाही. पाऊस. बटाटे.

१९ ऑक्टोबर

ताईचा पुन्हा फोन. दान आईच्याच मनात आहे म्हणे. "आईलाच नकोत ते स्पीकर. विचार तिला." मी विचारणार नाही. आईला काय कळतं त्यातलं?

ते स्पीकर मी लावलेत. दोन वर्षांपूर्वी, शेवटचा गेलो होतो तेव्हा. रशियन काळातला संच, बाबांनी लग्नाच्या वर्षी घेतलेला. तीस वर्षं एक स्पीकर खोलीत कपाटावर आणि दुसरा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी! मला इथं काम लागून वर्ष झालं होतं. लाजच वाटली. स्वयंपाकघरातला काढून खोलीत आणला. पीठ झटकलं. लोखंडी खाट सरकवली, बाबांची खुर्ची मधोमध घेतली, चार वेळा माप घेतलं. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीनं खुणा केल्या, आईनं झाडताना स्पीकर हलवले तरी परत जागेवर बसावेत म्हणून. बाबांना खुर्चीत बसवलं, गाणं लावलं. व्हायोलिन डावीकडे, झांजा उजवीकडे, गाणारी बरोब्बर मध्ये! मी म्हटलं, "तीस वर्षं तुम्ही लाकडाच्या कानांनी ऐकलंत."

बाबा म्हणाले, "बरं."

बस्स. बरं! इथं लोक अनेस्तिसला पैसे मोजतात याच्यासाठी. नंतर फोनवरही कधी म्हणाले नाहीत की पोरा, छान वाजतंय. मीही ठरवलं, स्वतःहून विचारणार नाही. दोन वर्षं फोनवर हवामान आणि द्राक्षं, एवढंच बोललो. सुट्टी मिळत होती, मी गेलो नाही.

२४ ऑक्टोबर

आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही.

कालामारिया भागात तिसऱ्या मजल्यावर एक घर. स्पीकर महिनाभरापूर्वी घेऊन ठेवलेले. आत गेलो. उजव्या भिंतीवर माणसाएवढा आरसा आणि त्याच्यावर पांढरी चादर. माझ्या तोंडून निघालं, "वा! कान असलेलं माणूस राहतं इथं. आरसा झाकलाय बघा, आता आवाज काचेवर आदळून उडणार नाही."

सुनेनं हातातला ट्रे खाली ठेवला. अनेस्तिसनं माझ्या पायावर बूट दिला. तेव्हा दिसलं, म्हाताऱ्याच्या बाहीवर काळी फीत. बायको जाऊन आठ दिवस झाले होते.

आमच्याकडेही मयताच्या घरी आरसे झाकतात! मी लहानपणी आजीच्या वेळी स्वतः झाकलेत. आमच्या घरचा आरसा आत्ता, या क्षणी झाकलेला आहे. आणि मला चादर दिसली ती आवाजाची सोय म्हणून.

म्हाताऱ्याचं नाव थोमास. तो रागावला नाही. म्हणाला, "तिनंच घेतले होते, माझ्यासाठी. लावून ठेवा. वाजवू नका, चाळीस दिवस गाणं नाही." मग न वाजवता लावले, नुसत्या मापावर. टाळीही वाजवली नाही. पट्ट्यांच्या खुणा केल्या. मधोमध एक खुर्ची ठेवली आणि म्हटलं, "आजोबा, सगळ्यात चांगलं इथं ऐकू येईल. याच जागी."

"आणि इथं शेजारी?"

"शेजारी तेवढं नाही. जागा एकच असते."

म्हाताऱ्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "मग आम्हां दोघांत उभं कुणी राहायचं?"

मोटारीत अनेस्तिस आधी शिव्या देत होता. मग म्हणाला, "तुझ्या घरी कोण गेलंय?"

मी सांगितलं.

"कधी?"

"दोन तारखेला."

त्यानं गाडी कडेला घेतली. "अरे गाढवा, त्या दिवशी तू माझ्याबरोबर सोफा उचलत होतास!"

"हो."

"मला सांगायला काय झालं होतं? मी काय तुला बांधून ठेवलं असतं?"



२५ ऑक्टोबर

माझ्या खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकला. दाढी करताना दोनदा कापलं.

१ नोव्हेंबर

ताई म्हणते यादी पक्की झाली. शिजवलेल्या गव्हाचं ताट, अठरा माणसं, प्रत्येकाला मेणबत्ती आणि रुमाल. खुर्ची चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याला. स्पीकर अफानासिएकाकाला. "त्याची नात येते शहरातून, ती ऐकेल."

"मी लावलेत ते!" मी ओरडलोच.

"मग आईशी बोल ना, बाप्या! का तिचीही माती झाल्यावर बोलणार आहेस?"

फोन मीच ठेवला.

५ नोव्हेंबर

आईशी बोललो.

म्हटलं, स्पीकर का देतेस? ती म्हणाली, "मला त्यांचा काय उपयोग? मला कुठं ऐकू येतं?"

मला वाटलं तिचेही कान गेले. तर म्हणाली, "कानाला काही झालेलं नाही. तू तो पिठाशेजारचा नेलास ना, तेव्हापासून स्वयंपाकघरात काही ऐकू येत नाही. दार उघडं टाकलं तरी भांड्यांत विरतं."

"मग परत ठेवायचा होता!"

"मी म्हटलं होतं. ते म्हणाले, पोरानं मापं घेऊन लावलंय, खुणा केल्यात, हात लावायचा नाही. चार दिवस बसले त्या खुर्चीत एकटे. मग म्हणाले, मी इथं, तू तिथं, एकट्यानं ऐकून काय करू? तेव्हापासून बंदच आहे बघ. मी पट्ट्यांच्या बाजूबाजूनं पुसत होते."

दोन वर्षं.

मी विचारलं, "माझ्यावर रागावले होते?"

आई म्हणाली, "रागावतील कशाला? आलं गेलं कुणी की त्या पट्ट्या दाखवायचे. आमचा इलिए यातला कारागीर आहे म्हणायचे. लोक म्हणायचे लाव की मग, ऐकू दे. तर हे म्हणायचे, आत्ता नको, ती कामात आहे."

मग आईच म्हणाली, "हॅलो? इलिए? आवाज येत नाही रे."

मी होतो. तोंडात टॉवेल धरला होता. आरशावरचाच.

१० नोव्हेंबर

चाळिसावा. स्पीकर दिले नाहीत. ताईला सांगितलंय, जेवणं उरकून पाहुणे गेले की डावा स्पीकर उचलायचा आणि पिठाच्या डब्याशेजारी ठेवायचा, आईला विचारून, माप न घेता. जमिनीवरच्या पट्ट्यांना मात्र कुणी हात लावायचा नाही. त्या मी येऊन काढीन, शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलंय. पण गाणं आजच लावा. जुनी तार मी तेव्हा कापून टाकली होती, नवी बारा मीटर लागेल. दुकान सहापर्यंत उघडं असतं. तारेचे पैसे सकाळीच पाठवले.

अठरा युरो.