सदतीस हाका

६ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा हल्ला! सकाळी चाळीस मिनिटं जिल्ह्याचं मदत केंद्र ठप्प. कुठूनशा हजारो खोट्या हाका — दार ठोठावायचं नि पळायचं. खऱ्या हाकांना शिरायला जागाच नाही. शेरीफ वर्लिन सगळ्यांदेखत म्हणाला, "आर्नी, तुझी फायरवॉल काय शोभेला ठेवलीय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ फेब्रुवारी
नवा नियम टाकला. एकाच पत्त्यावरून दहा सेकंदांत पाचाहून जास्त हाका आल्या, की तासभर दार बंद. मधे पुन्हा ठोठावलं, तर तास नव्याने सुरू. बसा बोंबलत!
शेजारच्या टेबलावरची मारिट म्हणाली, "आधी आठवडाभर नुसती पाळत ठेव. कोण किती हाका मारतं ते बघ, मग अडव." खरं आहे तिचं. पण वर्लिन डोक्यावर बसलाय. लगेच चालू केला.

८ फेब्रुवारी
शांतता. वर्लिनने चक्क डोनट आणले.

११ फेब्रुवारी, रविवार
बर्च हाउस वृद्धाश्रमात आईकडे. बाहेर उणे वीस. मदतीचं बटण गळ्यात नाही, खिडकीला टांगलेलं! भडकलोच.
"लोढणं नुसतं," म्हणाली. "सोमवारी कॉफी झाली की आम्ही चाळीस म्हातारे एकदम दाबून बघतो, चालतंय का. तेवढीच करमणूक!"
"आई, ते थेट माझ्या केंद्रात वाजतं. मी बसवलंय. पडलीस तर दाब, माणूस येणारच."
"बरं बाबा. तुझ्यासाठी." घातलं एकदाचं.

१२ फेब्रुवारी
आई गेली. कॉफीनंतर न्हाणीघरात पडली. जेवायला आली नाही म्हणून बाराला बघायला गेले. दोन तास त्या गार फरशीवर.

१४ फेब्रुवारी
बटण गळ्यातच होतं. केंद्रात हाक आलेली नाही. म्हणजे दाबलंच नाही! हट्टी बाई. एवढं बजावलं होतं! राग येतो, मग रडू येतं. मारिट जेवणाला गरम हॉटडिश ठेवून गेली. झाकणसुद्धा उघडलं नाही.

१९ फेब्रुवारी
कामावर. वर्लिनने पाठ थोपटली — "बारा तारखेला एक हल्ला परतवलास, शाबास!"
अडवलेल्या हाकांची यादी उघडली. नऊ चाळीसला एका पत्त्यावरून चाळीस हाका एकदम. बर्च हाउस. तिथली सगळी बटणं त्या एकाच पत्त्यावरून येतात. दार बंद.
नंतर तिथूनच, दहा वाजून चार मिनिटांपासून, एकेकटी हाक. अकरा-वीसपर्यंत. मोजल्या. सदतीस.